डावी बाजू अजून ताठ आहे

३ जानेवारी, सकाळी ७

नवी डायरी. यंदा रोज लिहायचं. थोडक्यात, मुद्देसूद आणि खरं तेच.

मुद्दा एक. कन्येची ट्रायल २१ मार्चला. गट लाकडी धनुष्याचा. सिलेक्शन झालं तर दोन वर्षं ट्रेनिंग सेंटरला राहायचं, शिकायचं, पुढे तिथूनच नोकरी. अट अशी की एकोणीस पूर्ण झालेली नसावीत. २ एप्रिलला कन्या एकोणीस पूर्ण करते. म्हणजे हा शेवटचा चान्स. गेले सहा महिने घरात दुसरा विषय नाही.

मुद्दा दोन. तिच्या सरांनी तिला स्वतःच्या हातचं धनुष्य वापरायला दिलंय. काल ती ते तेलाच्या फडक्याने पुसत बसली होती. अर्धा तास. माझा चष्मा तिने आजवर एकदाही पुसलेला नाही.

मुद्दा तीन. मी बावीस वर्षं फोटोफ्रेमा करतोय. लाकूड काय असतं ते मला कोणी शिकवू नये.

निर्णय: कन्येचं धनुष्य मी करणार. हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी बाथरूमच्या दाराची कडी बसवा, दोन वर्षं लोंबतेय. मोठ्या कामाच्या वेळी ही नेमकी कडीवर येते.

५ जानेवारी

दुकानाशेजारच्या सुताराकडे तुतीचा दांडा होता. दोन वर्षं वाळवलेला, सरळ, एक छोटी गाठ सोडली तर निर्दोष. त्याने दिला, पण बरोबर लेक्चरही दिलं. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. पाठीला हात लावायचा नाही, लाकूड काढायचं ते पोटाकडून. भिंतीवर फळी ठोकायची, धनुष्य मधोमध तिच्यावर बसवायचं, दोरी कप्पीतून खाली ओढायची आणि लांब उभं राहून बघायचं की दोन्ही बाजू सारख्या वाकतात का. जी बाजू ताठ, ती थोडी खरवडायची. परत ओढायचं, परत बघायचं. आणि दर खेपेला धनुष्य फिरवून टांगायचं, डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे. नाहीतर डोळा फसवतो म्हणे.

मी म्हटलं, तुझा फसवत असेल. माझा धंदाच डोळ्यावर चालतो.

तो म्हणाला, फक्त एक लक्षात ठेवा, काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. हे मला सांगतोय! पंचेचाळीस अंशाचा जोड मी डोळे मिटून कापतो.

९ जानेवारी

तासायला सुरुवात. फार सोपं आहे. सर लोक याचं उगाच मोठं प्रस्थ करतात.

दुपारी ३. अंगठ्याचं नख गेलं. मी हत्यार उचलायला आणि हिने मागून चहाचा कप ठेवायला एकच गाठ पडली. ही म्हणते की कप ठेवून दहा मिनिटं झाली होती. असतील. आवाज डोक्यात राहतो.

१४ जानेवारी

आकार आला. दुकानाच्या मागच्या भिंतीवर फळी ठोकली. लेव्हलची बाटली शोधत बसलो नाही, नजरेने लावली. स्प्रिंगच्या काट्याने ओढ मोजली: बावन्न पौंड. नियमाप्रमाणे अठ्ठावीसच्या खाली चालत नाही. म्हणजे आपल्याकडे चोवीस पौंडांची श्रीमंती.

ही डबा घेऊन आली होती. फळी तिरकी दिसतेय म्हणाली. मी तिला खुर्चीवर बसवलं, शांतपणे समजावलं की बावीस वर्षं मी लोकांच्या भिंतींवर फ्रेमा टांगतोय. ती म्हणाली, हो, आणि लोक बावीस वर्षं फोन करून सांगतायत की तिरक्या आहेत.

लोकांच्या भिंती तिरक्या असतात. त्याला मी काय करणार?

१८ जानेवारी

डावी बाजू ताठ आहे. खरवडली. अठ्ठेचाळीस पौंड.

२० जानेवारी

डावी बाजू अजून ताठ आहे. त्रेचाळीस.

पेन्सिलीने दोन्ही बाजूंना 'डावी', 'उजवी' असं लिहून ठेवलं होतं. खरवडताना अक्षरं गेली. हरकत नाही, मला पाठ आहे.

२३ जानेवारी

ही एक गोटी घेऊन दुकानात आली. फळीवर ठेवली. गोटी उजवीकडे घरंगळत गेली आणि खाली पडली. ही माझ्याकडे बघत राहिली.

गोटी गोल असते. ती घरंगळणारच. एवढ्याशा गोष्टीचा पुरावा करायचा आणि वर विजयी चेहऱ्याने डबा उचलून चालू लागायचं! बाईमाणूस आहे म्हणून सोडून दिलं.

३० जानेवारी, संध्याकाळी ५

आज लाल शाईने लिहितोय. आनंदाने.

छत्तीस पौंड. कन्येला दुकानामागच्या मोकळ्या जागेत नेलं, पोत्यात पेंढा भरून समोर लावला. तिने धनुष्य हातात घेतलं, वजन बघितलं, ओढलं, सोडलं. सहा बाण. पाच एका मुठीत मावतील इतके जवळ. सहावा जरा बाजूला. ती वळली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, बाबा, अरे हे खरंच फार छान झालंय. सरांच्यापेक्षा हातात हलकं वाटतं. आता याला अजिबात हात लावू नकोस हं.

डोळ्यात पाणी आलं. भुसा गेला म्हणून सांगितलं. अठरा वर्षांत या पोरीने माझ्या कुठल्याही वस्तूला छान म्हटलेलं आठवत नाही. शाळेच्या तक्त्याला मी चौकट करून दिली होती तर ती घरी ठेवून गेली होती.

नंतर एकटाच परत जाऊन धनुष्य फळीवर लावून बघितलं. डावी बाजू किंचित ताठ आहे. तिला कळणार नाही ते. तिला नेम कळतो, लाकूड मला कळतं.

१ फेब्रुवारी

कन्या बाहेर गेली होती तेवढ्यात सरांचं धनुष्य उचललं आणि क्लबवर नेऊन परत दिलं. म्हटलं, आभारी आहोत, आता गरज नाही, तिची प्रॅक्टिस यापुढे घरीच होईल. आणि सहज म्हणून आपलं धनुष्य दाखवलं.

सरांनी ते बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं. ओढलं. म्हणाले, उत्तम झालंय, मनापासून सांगतो. आता इथेच थांबा. उलट माझंही राहू द्या तिच्याकडे, जास्तीचं एक असावं. मी म्हटलं, नको.

'थांबा' म्हणाले! म्हणजे काय ते मला कळतं. मी आणखी पुढे गेलो तर यांची पंचाईत आहे.

घरी कन्येला सांगितलं की सरांनीच धनुष्य परत मागितलं. तसं त्यांच्या मनात असणारच. कन्या का म्हणून विचारायला लागली. तिथे थोडं सुचलं ते बोललो: सर म्हणाले, दुसऱ्या एका मुलीला त्याची जास्त गरज आहे, तिच्यात दम आहे.

कन्या जेवली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, मी उद्या जाऊन सरांना विचारू का? मी म्हटलं, आपण लाचार नाही. ज्याने हातातलं काढून घेतलं त्याच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. तिला पटलं. डोळे पुसून आत गेली.

वाईट वाटलं. पण एक धनुष्य, एक गुरू, एक लक्ष्य असलं की मन भटकत नाही. तिच्याच भल्याचं आहे.

४ फेब्रुवारी

आजपासून धनुष्य फायनल फिनिशिंगसाठी माझ्या ताब्यात. जास्तीत जास्त तीन दिवस. कन्या विचारत होती की छान झालं होतं तर आता काय करतोयस. मी म्हटलं, छान आणि परफेक्ट यांच्यात बापाचा हात असतो.

डावी बाजू खरवडली. चौतीस.

६ फेब्रुवारी

एक चमत्कार. गाठ पहिल्यापासून उजवीकडे होती, आज बघतो तर डावीकडे. म्हणजे धनुष्य उलटं टांगलं गेलंय. आणि तरी ताठ दिसतेय ती डावीच बाजू! चांगलाच विचारात पडलो. पण पाच मिनिटांत उलगडा झाला. ताठपणा लाकडातून सरकलाय. हवेत गारवा आहे, लाकूड जिवंत असतं, ते असं करतं.

सुताराला सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, अहो, धनुष्य उलटं टांगूनही डावीकडेच खोट दिसते तर खोट फळीत आहे की धनुष्यात? मी म्हटलं, तू खुर्च्या कर.

डावी बाजू (पूर्वीची उजवी) खरवडली. एकतीस.

१० फेब्रुवारी

कन्या क्लबला जात नाही. हातात धनुष्य नाही म्हणून तिने खिडकीच्या गजाला रबराची पट्टी बांधलीय. ती ओढते, थांबते, सोडते. रोज दोनशे वेळा. मोजत असते. मला समाधान वाटलं. बेसिक पक्कं होतंय.

ही म्हणाली, पोरगी रबर ओढतेय आणि तुम्ही लाकूड खाताय. हिला तुलना करायची सवय आहे.

१५ फेब्रुवारी

एकोणतीस. नियमात आहोत. आता थांबायचं. निश्चय. हत्यारं डब्यात, डबा कपाटात, कपाटाची किल्ली हिच्याकडे.

१६ फेब्रुवारी

किल्ली मागून घेतली. कारण झोपाळलेल्या डोळ्यांनी सकाळी पाहिलं तरी स्पष्ट दिसत होतं. डावी बाजू. फक्त चार हात मारायचे आणि बस्स.

सव्वीस.

काटा जुना आहे. भंगारवाल्याकडचा. कमी दाखवत असणार.

१७ फेब्रुवारी

वाण्याच्या काट्याने मोजलं. पंचवीस. वाण्याचा काटा तर कमी दाखवणारच, त्याचा धंदा आहे.

२२ फेब्रुवारी

वाचलं की लाकडाचं पोट आगीवर शेकलं की ओढ वाढते. स्वयंपाकघरात गॅसवर धरलं. अगदी शास्त्रशुद्ध, एकेक वीत. ओढ एक पौंडाने वाढली! खिडकीचा पडदाही अर्धा गेला, पण तो तसाही बदलायचा होता. ही म्हणते, नव्हता बदलायचा.

२४ फेब्रुवारी

वाढलेला पौंड परत उतरला. शिवाय शेकल्यावर डावी बाजू थोडी ताठरली होती.

चोवीस.

१ मार्च

कन्येने पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणाली, बाबा, वीस दिवस राहिले. मला कसंही असू दे, पण दे. मला त्याच्यावर हात बसवायचाय. मी म्हटलं, अर्धवट वस्तू मी गिऱ्हाइकालाही देत नाही, तू तर माझी मुलगी. ती म्हणाली, मग गिऱ्हाइक समज. आणि दार आपटून गेली. बाथरूमच्या दाराची कडी खाली पडली.

टेन्शन आहे तिला. समजू शकतो. मला नाहीये का? चोवीस पौंड आहे. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिचं मन डिस्टर्ब होईल.

५ मार्च, सकाळी ६

सुचलं! आंघोळ करताना सुचलं, साबणासकट बाहेर आलो. लांब काठी सहज वाकते, आखूड काठी वाकत नाही. धनुष्य आखूड करायचं! दोन्ही टोकांकडून तीन-तीन इंच कापायचे, नव्या खाचा पाडायच्या, की ओढ वाढली. इतकं सोपं. सरांना हे सुचलं असतं का?

दुपारी १. कापलं. तीस पौंड! तीस! दुकानात एकटाच नाचलो.

दुपारी ४. सुताराने नाचताना बघितलं होतं म्हणून आत आला. तुकडे बघून त्याचा चेहरा पडला. म्हणाला, तुमची मुलगी उंच आहे, हात लांब आहेत तिचे. ती पूर्ण ओढेल तेव्हा एवढं आखूड लाकूड किती सोसणार? शेकून शेकून आधीच कडक झालंय. तिच्या हाती देऊ नका. मी सांगतो, मी हवं तर सरांकडे जाऊन येतो.

मी म्हटलं, खबरदार. मग त्याच्यासमोर स्वतः पूर्ण ओढून दाखवलं. अगदी कानापर्यंत. काही झालं नाही. सुतार म्हणाला, तुमचे हात आखूड आहेत. आता माणूस वैयक्तिक पातळीवर उतरला की त्याच्याशी काय बोलणार?

१२ मार्च

डावी बाजू. एक हात. फक्त एक. एकोणतीस.

१९ मार्च

धनुष्य कन्येला सुपूर्द केलं. छोटासा समारंभ करावा असं मनात होतं, पण ही बँकेत गेली होती. कन्येने ते हातात धरून बघितलं. लांबी कमी वाटतेय म्हणाली. मी म्हटलं, तू उंच झालीस. ती हसली नाही.

दहा बाण मारू दिले. अर्धंच ओढ म्हटलं, ट्रायलसाठी जपून ठेव. ती म्हणाली, अर्धं ओढून नेम कसा कळेल? मी म्हटलं, विश्वास ठेव.

खूप वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, ठेवते.

२१ मार्च, संध्याकाळी ६

मैदान. ओढ मोजली, एकोणतीस. पास. मी अधिकाऱ्याला म्हटलं, घरीच केलंय. तो बरं म्हणाला.

पहिला बाण उत्तम. दुसरा उत्तम. मी हिला म्हटलं, बघ. हिने माझा हात धरला होता.

तिसऱ्याला तिने पूर्ण ओढलं. आवाज असा आला की शेजारच्या लेनमधल्या मुली खाली बसल्या. डावी बाजू. गाठीपाशी. तुकडा तिच्या भुवईवर लागला. डोळा वाचला. दोन टाके, फार नाही.

नियम असा की दुसरं धनुष्य आणायला दहा मिनिटं मिळतात. कन्येने रक्त पुसत आधी सरांना शोधलं. सर धावत आले. तिने विचारलं, तुमचं धनुष्य आहे का हो, फक्त आजच्यापुरतं? सर म्हणाले, अगं, ते मी दुसऱ्या एका मुलीला दिलं, शेजारच्या लेनमध्ये आत्ता तिच्याच हातात आहे. तुझ्या वडिलांनीच फेब्रुवारीत आणून दिलं ना, तुला गरज नाही म्हणाले. मी तर ठेवा म्हणत होतो.

कन्या माझ्याकडे वळली. मी चष्मा पुसायला घेतला. दहा मिनिटांपैकी आठ तशीच गेली. मग शिट्टी झाली.

ती दुसरी मुलगी सिलेक्ट झाली.

२२ मार्च

शांतपणे विचार करता जबाबदारी विभागून जाते. एक, सरांनी जास्तीचं धनुष्य जवळ ठेवायला हवं होतं. हा निव्वळ बेजबाबदारपणा. दोन, गाठ असलेला दांडा सुताराने द्यायलाच नको होता. तीन, कन्येने तिसरा बाण गरजेपेक्षा जास्त ओढला. चार, मी. माझ्या वाट्याला जे येतं ते मी नाकारत नाही. साधारण दहा टक्के.

हिने चार दिवस माहेरी जाते म्हणून बॅग भरली. मग कन्येच्या खोलीकडे बघून परत उपसली.

२४ मार्च

आज कन्या स्वतःहून बोलली. एकच प्रश्न. सरांनी खरंच मागितलं होतं का? मी म्हटलं, मागितल्यासारखंच होतं. ती म्हणाली, आणि ते दुसरीत जास्त दम आहे, ते? मी म्हटलं, ते तुला चेव यावा म्हणून. ती म्हणाली, बरं.

चिडली नाही, रडली नाही. समजूतदार आहे. माझ्यावर गेलीय.

२६ मार्च

आता दुसरं धनुष्य. पहिल्यात सगळ्या चुका करून झाल्यात, आता चूक व्हायला जागाच नाही. कन्येला विचारलं, करू का? बरं म्हणाली. पुढच्या ट्रायलला नेऊ म्हटलं. बरं म्हणाली. हिने आतून ओरडून सांगितलं की पुढच्या ट्रायलला ती एकोणीस पूर्ण असेल. मी विसरलो नव्हतो. म्हणजे त्या क्षणी विसरलो होतो.

कन्या म्हणाली, असू दे गं आई, करू दे त्यांना.

'त्यांना' म्हणाली. आजवर अरे बाबा, तू बाबा, असंच चालायचं. प्रसंगाने माणूस मोठं होतं. आदर आलाय. ही मात्र पदराने डोळे पुसत होती.

२८ मार्च

कन्या सकाळी नऊला आपणहून दुकानात आली. कालपर्यंत घरात नुसती बसून होती, आता काउंटरला बसते म्हणाली. म्हटलं, उत्तम! घरचा धंदा, घरचं माणूस. खिडकीच्या गजाची रबराची पट्टी तिने सोडवून आणली होती, त्याच पट्टीने पावत्यांचा गठ्ठा बांधला. पट्टी मजबूत आहे.

काम झटकन शिकते. तक्रारवाल्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन माझ्या फ्रेमा उतरवून परत लावून आली. आज एकाही गिऱ्हाइकाचा फोन नाही. माझ्या हाताखाली तयार होतेय.

हे असंच व्हायचं असेल तर वाईट काय आहे? सेंटरला गेली असती तर दोन वर्षं तोंड दिसलं नसतं.

२ एप्रिल

कन्येला आज एकोणीस पूर्ण झाली.

सरप्राइज दिलं. मोडलेल्या धनुष्याचे दोन तुकडे डिंकाने जोडले, लांब फ्रेम केली, सागवानी, सोनेरी कडेची, आत मखमल. वर काच. खाली पितळी पट्टी: 'कन्येसाठी, वडिलांच्या हातचे पहिले धनुष्य.' चार दिवस लपवून काम केलं. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली फ्रेम झाली आहे. सुतारही म्हणाला, फ्रेम चांगली झालीय.

कन्येने बघितली. भुवईवरच्या टाक्यांच्या खुणेला बोट लावलं. बरं म्हणाली. कुठे लावू म्हटलं. कुठेही, म्हणाली. काउंटरच्या बरोबर वर लावली. तिच्या पाठीमागे असते, पण गिऱ्हाइकाला दिसते.

ही दुकानात यायची बंद झाली आहे. डबा कन्येबरोबर पाठवते.

५ एप्रिल

सकाळी चहाच्या वेळी दोन जोक सांगितले. लहानपणी ती ज्यांना खो खो हसायची तेच. कन्या म्हणाली, चहा थंड होतोय तुमचा.

वेळ लागतो अशा गोष्टींना. मला घाई नाही.

७ एप्रिल

आज तिसरा जोक. ही म्हणाली, पुरे करा हो.

९ एप्रिल

फ्रेम विकली गेली. डबा आज घरीच राहिला म्हणून मी जेवायला घरी गेलो होतो, तेवढ्या तासाभरात. कोणी एक बाई आल्या, त्यांना शाळेच्या जुन्या ग्रुप फोटोसाठी तेवढीच लांब फ्रेम हवी होती. कन्येने ती खाली घेतली, आतलं काढलं, पितळी पट्टी उचकटली, काच पुसली, फोटो बसवला, कागदात बांधून दिली. काम चोख.

आतलं कुठे आहे, विचारलं. मागे आहे म्हणाली. मागे जाऊन बघितलं. जोड निखळला होता. दोन तुकडे काचा ठेवायच्या डुगडुगत्या पेटीला खाली आधार म्हणून लावलेत. पेटी आता हलत नाही.

परत येऊन विचारलं, त्या बाईंनी विचारलं असेल ना, हे काय आहे म्हणून? विचारलं, म्हणाली. मग तू काय सांगितलंस? पुढचं गिऱ्हाइक आलं, ती त्याच्याकडे वळली.

सुताराला गाठलं. तो तेव्हा आमच्या दारातच उभा होता. आधी टाळाटाळ केली. मी सोडलं नाही. मग खाली बघून म्हणाला, ती त्यांना म्हणाली, आमच्याकडे एक जण होते, त्यांना ते धनुष्य वाटायचं.

बाई खूप हसल्या म्हणे. मी विचारलं, आणि कन्या? सुतार म्हणाला, तीही हसली. बाईंच्याही वर. खुर्चीला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बऱ्याच दिवसांनी ऐकलं बघा तिचं हसू, माझ्या दुकानापर्यंत आवाज गेला असता.

मी गेले पाच दिवस त्याच हसण्यासाठी सकाळी जोक सांगतोय.

म्हणजे हसू गेलेलं नाही. आहे. मी दुकानात नसलो की येतं.

उद्यापासून जेवायला घरी जाईन. एक तासाऐवजी दोन तास.